भुरी नावाची कळ

एकच काम दोनदा हातानं करायचं नाही, अशी शपथ घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. गुलमंडीमागच्या गल्लीतल्या छपाईच्या दुकानात मी प्रुफं वाचायचे आणि हे गृहस्थ कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे. मालकांच्या सासुरवाडीकडचे, म्हणून सगळे त्यांना पाव्हणं म्हणत. शर्टाची बटणं रोज लावायला नकोत म्हणून ती कायमची लावून शर्ट डोक्यातून घालणारा प्राणी! मी हसले तर म्हणाले, "हसा ताई. पर तुमचा जलम सरंल बटणं लावण्यात."

मजकूर दुरुस्त करायला त्यांनी कुठून तरी एडिटर नावाचा एक प्रोग्रॅम पैदा केला होता. त्यात बदलाची आज्ञा एकदा लिहून एका कळीला बांधायची. मग कळ दाबली की शेकडो ओळींत तोच बदल आपोआप व्हायचा. या आज्ञांना त्यांनी मेंढ्यांची नावं दिली होती. जादा मोकळ्या जागा खाणारी काळी, तारखा सरळ करणारी बांडी, आणि नावं बदलणारी, सगळ्यांत हुशार, ती भुरी. कळ दाबताना मेंढरं हाकल्यासारखं तोंडानं "हुर्र!" करायचे, काउंटरवरचं गिऱ्हाईक दचकायचं. एकदा लग्नपत्रिकेत प्रत्येक नावाआधी 'श्री.' लावायला त्यांनी बांडीची एक बहीण मोकळी सोडली. पत्रिका छापून आली, तर 'श्री. जेवणाची वेळ' आणि 'श्री. पार्किंगची सोय'! मालकांनी थयथयाट केला. पाव्हणं शांत. "मेंढरू हाय ते, वाट दिसली की घुसणारच. कुंपण म्या घालाया पायजे व्हतं."

मेंढ्यांची ही नावं खरी होती, हे मला फार उशिरा कळलं. भुरी, काळी, बांडी त्यांच्या वडिलांच्या कळपातल्या. लागोपाठ दुष्काळ पडले, चारा गेला, पाणी टँकरवर आलं, गायरानाच्या कडेच्या रानात प्लॉटवाल्यांचे खुणेचे दगड बसले. कळप बाजारात विकला आणि म्हातारा मुलाकडे, शहराबाहेर चितेगावच्या एका खोलीत आला. आमची निम्मी गिऱ्हाईकंही प्लॉटवालीच. जाहिरात तीच, फक्त नगराचं नाव बदलायचं, आणि ते काम भुरीचं. एके दिवशी त्यांच्याच गावच्या रानाची जाहिरात आली. त्या दिवशी हुर्र नाही. गुपचूप कळ दाबली आणि एवढंच म्हणाले, "इथं दुपारची आमची मेंढरं बसायची."

पाच वाजले की पाव्हणं पसार. माझी प्रुफं पडलेली असायची, मी चिडायचे. मग एकदा म्हातारा आजारी म्हणून बघायला गेले आणि चिडायची सोयच राहिली नाही. म्हाताऱ्याचं भान हरवत चाललं होतं. दिवसभर शेजारीण सांभाळायची, पण दिवेलागण झाली की तो काठी घेऊन कळप शोधायला पैठण रोडवर निघायचा, भरधाव ट्रकांमधून. मुलगा दारात दिसला तरच थांबायचा. पाचला सुटता यावं म्हणून दिवसभर त्या कळा राबत होत्या.

मी बसले होते तेवढ्यात म्हाताऱ्यानं विचारलं, "मेंढरं आली का रं?"

"आली बा. भुरी म्होरं व्हती."

चहा उकळेपर्यंत पुन्हा तेच. "आली बा. बांडी जरा लंगडत व्हती, काटा काढला." पुन्हा तेच, पुन्हा नवं उत्तर. मला राहवेना. म्हटलं, "अहो, एकच काम दोनदा न करणारे तुम्ही! मोबाईलमध्ये आवाज भरून ठेवा की."

पाव्हण्यांनी चहा गाळायला घेतला. "नाय ताई. बा दर खेपेला पयल्यांदाच इचारतो."

त्याच वर्षी उन्हाळ्यात म्हातारा गेला. रस्त्यावर नाही, घरात, मुलाच्या हातात. दिवसकार्य उरकून पाव्हणं कामावर आले, शर्टाची बटणं वेडीवाकडी लावलेली. समोर प्लॉटवाल्याची लांबलचक जाहिरात होती आणि ते एकेका ओळीतलं नगराचं नाव हातानं खोडून पुन्हा टाईप करत होते. पाच वाजून गेले तरी उठेनात.

"अहो पाव्हणं, भुरीला सोडा की," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या ताई," मान वर न करता ते म्हणाले. "लौकर घरी जाऊन आता काय करू?"

मी निघायला घेतलेली पर्स पुन्हा खुंटीला अडकवली, दोन चहा सांगितले आणि बसले त्यांच्याशेजारी.