घरी पहिला घास कोण देणार?

"तुम्हाला स्ट्रोक आलाय," डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी दोन्ही हात वर करून त्यांना दाखवले. पायही हलवून दाखवले. स्ट्रोक म्हणजे अर्धं अंग लुळं पडणं, एवढंच मला ठाऊक होतं.

"हातपाय चालणारच," ते म्हणाले. "हा लॅटरल मेड्युलरी स्ट्रोक आहे." मेंदू खाली मानेकडे उतरतो तिथे देठासारखा भाग असतो. त्या देठाच्या एका कडेचा रक्तपुरवठा थांबला होता. तोल, आवाज, गिळणं, गरम-थंड कळणं, या सगळ्याच्या तारा त्या एवढ्याशा जागेतून जातात म्हणे.

मी आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी सकाळपासून उचक्या लागल्या होत्या. "मॅडम, कुणीतरी जोरात आठवण काढतंय," म्हणून लॅबमधल्या पोरी हसत होत्या. मग चहा नाकातून आला आणि लॅबची फरशी तिरकी झाली. त्याच पोरींनी मला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात पोचवलं.

डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाला बर्फ लावला. काहीतरी टेकलंय एवढं कळलं, पण गार लागेना. उजव्या पायाला लावताच मी पाय ओढून घेतला. चेहऱ्याचं मात्र उलटं, तिथे उजवा गाल मुका. मी घाबरले होते हे खरंच, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. सिस्टरांकडून स्टीलचा चमचा मागून घेतला आणि गार कुठे लागतं, कुठे नाही, ते स्वतःच तपासत बसले.

गिळण्याचं नवल मात्र फार वेळ टिकलं नाही. चमचाभर पाणी देऊन मला "आ" म्हणायला लावलं. आवाज पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळला. पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेच्या तोंडाशी रेंगाळत होतं. तिथून ते आत गेलं की त्याला ॲस्पिरेशन म्हणतात, म्हणजे खाणंपिणं फुप्फुसात उतरणं. लगेच नाकातून रायल्स ट्यूब घातली. ती पोटापर्यंत जाणारी बारीक नळी. तोंडाने पाण्याचा थेंबही बंद.

हळूहळू तोल सावरला. घट्ट खिमट, घट्ट दही गिळता यायला लागलं आणि नळी निघाली. "उद्या घरी," असं राउंडवर सांगितलं, तेव्हा मी बदलापूरच्या आमच्या गॅलरीतल्या खुर्चीत मनाने जाऊन बसलेसुद्धा.

तो डिस्चार्जचा दिवस मला अजून नीट उलगडत नाही. माझ्या यजमानांचं, वसंतरावांचं, उल्हासनगरच्याच कॅम्प चारमध्ये चेन-बटणांचं दुकान आहे. ते कधी बिलाच्या खिडकीपाशी, कधी मेडिकलच्या रांगेत. त्याच वेळी कुणीतरी येऊन मला सांगून गेलं, "थिन लिक्विड अव्हॉइड करा." मी मान हलवली. खाली त्यांना कुणीतरी सांगितलं, "हलकं द्या." त्यांनीही मान हलवली. घाईत "पाणी मुळीच नको" हे शब्द कुणीच उच्चारले नाहीत.

आता आपल्याकडे आजारी माणसाला हलकं म्हणजे काय देतात? ह्यांनी घरी आल्याआल्या भाताची पेज केली. जिरं, तूप, मीठ घालून, चांगली पातळ. शेजारच्या काकू नारळपाणी घेऊन आल्या. मला ते शब्द आठवत होते का? आठवत होते. पण पेज ही औषधासारखी गोष्ट, ती थोडीच थिन लिक्विड असेल, असं वाटलं. शिवाय फारसा ठसकाही लागला नाही. ठसका न लागताही पाणी चुकीच्या वाटेला जाऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांत ताप चढला, धाप लागली. पुन्हा तेच हॉस्पिटल, आता ॲस्पिरेशन न्यूमोनिया, म्हणजे चुकून आत गेलेल्या अन्नपाण्यामुळे फुप्फुसाला झालेला संसर्ग. ऑक्सिजनचा मास्क लावून मी आयसीयूत पडले होते. भेटीच्या वेळी हे पायाशी उभे राहिले. पायावरची चादर सारखी करत राहिले.

त्यातून वाचले. वॉर्डात आले तेव्हा भाविका नावाची नवी स्पीच थेरपिस्ट भेटली. उल्हासनगरचीच सिंधी मुलगी, अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलणारी. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळणंही शिकवतात हे मला तेव्हा कळलं. तिने फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "आंटी, घरी पहिला घास कोण देणार?"

"हेच देतील."

"तो फिर अंकललाच शिकवायचं. डिस्चार्जच्या दिवशी नाही, आजपासून."

प्रश्न विचारत विचारत ती आमच्या स्वयंपाकघरातही शिरली म्हणायला हरकत नाही. जेवायला कुठे बसता, सोफा किती खोल, भांडी कोणती, चहा किती वेळा. सोफ्यात रेलून जेवते म्हटल्यावर तिने डोक्याला हात लावला. "सीधा बैठना है, पाठ टेकून, ताठ."

पाणी दाट करायची पावडर तिने आणली. ग्लासात ढवळलं, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरलं आणि खालून बोट काढून ते किती हळू उतरतं ते दाखवलं. मी हसायलाच लागले. आम्ही लॅबमध्ये रंग तळाला भोक असलेल्या कपात ओततो आणि तो किती वेळात गळतो ते बघतो. तेच हे! त्या दुपारी आम्ही दोघींनी ताक, सरबत, वरण, सगळं सिरिंजमधून गाळून पाहिलं. पेजेची पाळी आली. ती सरसर खाली उतरली. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मग मान वळवणं. माझ्या घशाची उजवी बाजू कमजोर होती. उजवीकडे मान वळवून गिळलं की ती बाजू दाबली जाते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. किती साधी युक्ती! पण ती माझ्या घशापुरती. ज्याची त्याची तपासून ठरवावी लागते.

निघायच्या आदल्या दिवशी भाविका ह्यांना म्हणाली, "अंकल, आता तुम्ही मला शिकवा. मी शेजारची काकू. हे घ्या नारळपाणी, वहिनींना द्या, ताकद येईल."

हे गोंधळले. "नको... म्हणजे, आत्ता नको."

"अरे, गरमी किती आहे! दोन घोट."

"काकू, तिला पातळ चालत नाही. छातीत जातं." ह्यांचा आवाज चढला. "एक घोटसुद्धा नाही!"

आख्खा वॉर्ड बघायला लागला. भाविका म्हणाली, "बस, असंच बोलायचं."

या खेपेला घरी गेलो तेव्हा सोफा भिंतीला सरकवला होता आणि लाकडी खुर्ची मधे आली होती. आंघोळीचं पाणी हे आधी स्वतः हाताने बघत, कारण माझ्या डाव्या अंगाला कढत पाणी कळत नव्हतं. तीन दिवसांनी भाविकाचा फोन आला. "कसे आहात?" असं तिने विचारलंच नाही. "आज सकाळी काय खाल्लं, कसं खाल्लं, सांगा." विचारायचंच तर असं विचारावं.

तुमचं माणूस घरी न्यायची वेळ येईल तेव्हा एवढं करा. मान हलवू नका. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत बोलून दाखवा आणि जो घरी करणार आहे, त्याच्याच हातून एकदा हॉस्पिटलातच करून घ्या.

काही आठवड्यांनी कॅमेऱ्याची तपासणी होती. नाकातून बारीक कॅमेरा घालून घास कसा उतरतो ते बघतात. बाहेर बाकावर आमच्या शेजारी एक तरुण थर्मास घेऊन बसला होता. आईला आज सोडणार होते. तिलाही स्ट्रोक.

"काय आणलंय?" ह्यांनी विचारलं.

"पेज. इथलं खाऊन कंटाळली ती."

हे त्याच्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "दादा, गिळण्याचं कुणाला विचारलंत का? मी हिला पेजच पाजली होती. मायेनेच पाजली. तिथून आयसीयूत गेली."

इतक्या दिवसांत हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर एकदाही उच्चारलं नव्हतं. तो तरुण उठला. हेही उठले आणि त्याला भाविकाच्या खोलीकडे घेऊन गेले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, म्हणून मी एकटीच आत गेले.

डॉक्टरांनी निळं पाणी प्यायला दिलं. मान वळवून प्यायले. स्क्रीनवर निळी रेघ बरोबर वाटेने गेली. "आता साधं पाणी चालेल," ते म्हणाले. "छोटे घोट, मान वळवूनच."

बाहेर येऊन कॅन्टीनमधून पाण्याची बाटली घेतली. हे अजून आले नव्हते. खोलीच्या काचेतून ते दिसत होते, त्या तरुणाला हातवारे करून पाठ ताठ कशी ठेवायची ते दाखवत होते. घसा कोरडा पडला होता, तरी मी बाटली उघडली नाही. ते बाहेर आले, माझ्या हाताकडे पाहून जागीच थांबले.

"या, बसा," मी म्हटलं आणि झाकण फिरवलं.