म्हशीच्या ओळखीचा सदरा

नाव : श्रीमती मालनबाई भ्रतार कारभारी ढोकणे. वय : अंदाजे पंचावन्न. राहणार : देवळाली प्रवरा शिवार. व्यवसाय : घरकाम, शिवाय शेती व एक म्हैस. मानव-वन्यजीव संघर्षातील मयत इसमाची पत्नी. ओळखीची खूण : लुगड्यावर पुरुषाचा मळका सदरा.

शेवटची नोंद सरकारी नव्हे, वाहिन्यांची. कारभारी उसाला पाणी द्यायला गेले आणि बिबट्याने त्यांना सरीतच गाठलं. सावडणं उरकतंय न उरकतंय तोच अंगणात कॅमेरे आले. माईकवाल्या मुलीने मालनबाईंना विचारलं, "आजी, आत्ता काय वाटतंय?"

"म्हशीची येळ झाली," मालनबाई म्हणाल्या.

मुलीने प्रेक्षकांना सांगितलं, की आजींना जबर धक्का बसलाय. ते खरंच होतं. नवरा गेल्यापासून मालनबाई म्हशीखेरीज कशावरच बोलल्या नव्हत्या. रडल्याही नव्हत्या.

म्हैसही अडून होती. रेडकू मेल्यापासून ती फक्त कारभारींच्या हाताला पान्हवायची, दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची. म्हणून मालनबाईंनी खुंटीवरचा त्यांचा धार काढायचा सदरा लुगड्यावर चढवला. म्हशीने बाही हुंगली आणि दूध सोडलं. कॅमेऱ्याने नेमकं हेच टिपलं, फक्त म्हैस चौकटीबाहेर राहिली. संध्याकाळी महाराष्ट्राला दिसलं ते असं : 'पतीच्या सदऱ्यातच शोधला आधार.' स्टुडिओतल्या तज्ज्ञाने शोकाच्या अवस्था समजावून सांगितल्या. त्यात धार बसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुण्याची मोठी वाहिनी थेट प्रक्षेपणाला येणार होती. मालनबाई गवताला गेल्या, तेवढ्यात थोरल्या जावेने, रतनबाईंनी, सदरा पावडरीत भिजवला, घासला, नीळ दिली आणि वाळत घातला. वाळल्यावर शेजारून इस्त्रीही करून आणली आणि परत खुंटीला टांगला.

मालनबाई भारा टाकून खुंटीशी गेल्या. सदरा पांढराशुभ्र होता. त्यांनी तो नाकाला लावला.

"आक्का, काय केलं हो हे?"

"धुतला की! समद्या दुनियेनं मळ बघितला त्यो. माझ्या भावाचा फोन आला, म्हनला, तुमच्याकडं साबन मिळत न्हाई व्हय?"

"अवो, म्हशीला..."

"म्हशीला काय कळतंय टीव्हीतलं?"

गाडी येऊन थांबली होती. मालनबाईंनी सदरा अंगात घातला आणि म्हशीखाली बसल्या. या वेळी चौकटीत म्हैसही होती. तिने बाही हुंगली. मान फिरवली. परत हुंगली. मग दावं ताणून बाजूला झाली.

"मुका जीवही आज मालकाला शोधतोय," पुण्याचा बातमीदार हलक्या आवाजात म्हणाला. त्या दिवसात वाहिनीवाल्यांपैकी कुणी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य होतं, आणि ते त्याने गाडीतच लिहून आणलं होतं.

मालनबाई आचळ ओढत राहिल्या. बादली कोरडीच. बातमीदार वाकला, "आजी, आत्ता काय वाटतंय?"

त्यांनी बाहीकडे पाहिलं. पुन्हा एकदा नाकाला लावून पाहिली.

"गेलं वो ते," त्या म्हणाल्या, जणू बातमी त्यांनाच आत्ता कळत होती. "आक्का, कारभारी गेलं."

आणि त्या ओरडून रडल्या. तेवढ्यात प्रक्षेपणात जाहिरात लागली.

पंचनाम्यात नोंद आहे : मनुष्यहानी एक. पशुहानी निरंक. अन्य नुकसान निरंक.

म्हैस आटली.