चामटोलीत न थांबता

पुन्हा पळायला लागून मला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत एकदाही मी ताजीतवानी होऊन घरी आलेली नाही. पेपरात त्या बायांचे फोटो येतात ना, पळून आल्यावर हसताहेत, गाल कसे टवटवीत! डोंबल टवटवीत. बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे ती बहुतेक बंद असते, आणि मी कठड्याला धरून एकेक पायरी चढते तेव्हा खालच्या मजल्यावरच्या वहिनी दार उघडून विचारतात, "बरं नाही का वाटत?"

शाळेत असताना मी पळायचे. माहेर चामटोलीचं, शाळा बदलापूरला, आठशे मीटरला जिल्ह्यापर्यंत जाऊन आले होते. मग लग्न झालं आणि पळणं सुटलं. त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, तेव्हा सुटायचंच. पायात परत बूट चढवले ते पन्नाशी उलटून गेल्यावर, ह्यांच्या ऑपरेशननंतर. हे, म्हणजे माझे यजमान. अंबरनाथला कारखान्यात होते. बायपास झाली, नोकरी मुदतीआधीच सोडली आणि माणूस घरात बसला. खरं सांगते, मी त्यांना बसलेलं बघून बघून दमले. मीठ कमी, तेल कमी, या गोळ्या जेवणाआधी, त्या जेवणानंतर. झोपले तरी कान त्यांच्या श्वासाकडे. जरा आवाज आला नाही की हात लावून बघायचं. "मेलो नाही गं अजून," असं उत्तर यायचं. त्यांचा विनोद व्हायचा, माझी झोप जायची.

म्हणून सकाळचा एक तास घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं होतं. आधी चालायला जाऊन बघितलं. पण चालणाऱ्या बायका बरोबरीनं चालतात आणि "मिस्टरांची तब्येत कशी?" इथूनच सुरुवात करतात. पळणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही, तिला गाठणार कोण? एवढ्यासाठी मी पळायला लागले. फिटनेस वगैरे नंतर लोकांना सांगायला.

बूट घ्यायला उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, गोड बोलणारा. "आंटी, वॉकिंग के लिए ना?" म्हणाला. मी म्हटलं, "रनिंग." त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ह्यांना म्हणाला, "साईं, आप समझाओ आंटी को." हे म्हणाले, "शादी से समझा रहा हूँ भाई, तू बूट दे." तेवढं मात्र बरं वाटलं मला.

पहिल्या वर्षी हाफ मॅरेथॉनला नाव घातलं आणि फजिती झाली. एकवीस किलोमीटर, आणि ठरलेली वेळ संपली की रस्ता गाड्यांना खुला करतात. मागून एक टेम्पो येतो आणि रस्त्यात राहिलेल्यांना उचलतो. मला उचललं. पाण्याचे रिकामे जार, मोडलेले बॅनर आणि मी, अशी आमची वरात शेवटच्या कमानीपाशी पोचली. आठवडाभर बिल्डिंगमध्ये जो तो, "काय, झाली का मॅरेथॉन?" लिफ्टपाशी, पाण्याच्या टाकीपाशी, सगळीकडे. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, आता बास कर ना, बाबांकडे कोण बघणार?" त्याचंही काही चुकीचं नव्हतं. मी तेव्हा ह्यांच्यासमोर बोलून बसले, की पुढच्या वर्षी एकदा शेवटचा प्रयत्न करते. टेम्पोत बसावं लागलं तर पळणं बंद, पुन्हा नाव काढणार नाही. मेडल गेलं खड्ड्यात, मला फक्त स्वतःच्या पायांनी कमानीखालून जायचं होतं. नाहीतर तो सकाळचा तासही गेला असता.

आणि या वर्षीचा रस्ता निघाला बरोब्बर माझ्या माहेरावरून! बदलापूरहून कर्जत रस्त्यानं निघायचं, चामटोलीवरून पुढे जायचं आणि वळून त्याच रस्त्यानं परत. मी वहिनीला, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोला, आधीच फोन करून बजावलं, "मी पळत जाणार आहे. थांबवू नका, आग्रह करू नका. आईला नीट समजावून सांग." वहिनी म्हणाली, "सांगते ना ताई." तिनं सांगितलंही. पण आईला ऐकू कमी येतं, आणि तिनं त्यातलं एवढंच घेतलं की रविवारी सकाळी लेक येणार आहे. तिनं तांदळाच्या भाकऱ्या थापून घेतल्या.

त्या सकाळी थंडी होती. सुरुवातीला सगळे एकत्र असतात, गाणी वाजत असतात, कुणी ढोल बडवत असतं, त्या नादात पाय उचलले जातात. गर्दी पुढे गेली की उरतो आपला आपण. चामटोली येईपर्यंत माझा उजवा गुडघा बोलायला लागला होता. गावाच्या फाट्यावर आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली दिसली, अंगावर शाल, शेजारी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी हात हलवला, तांब्याला मानेनंच नको म्हटलं आणि पुढे गेले. आई खुर्चीवरून अर्धी उठलेली दिसली. मला वाटलं, कौतुकानं उठली असेल.

वळणावरून परत फिरले तेव्हा माझ्यामागे जेमतेम चार माणसं होती. पिंढऱ्यांत गोळे, तोंडाला कोरड, आणि मनात एकच हिशेब, टेम्पो कुठवर आला असेल. असाच पाय ओढला तर जेमतेम वेळेत पोचेन, असं वाटत होतं. चामटोलीचा फाटा आला. खुर्ची रिकामी होती. वहिनी मात्र रस्त्याच्या मधोमध उभी, चेहरा पांढराफटक.

"ताई, खरं सांगा," ती म्हणाली, "भाऊजी बरे आहेत ना?"

"बरे आहेत की! का गं?"

"मग आईंना काय झालंय? तुम्ही गेलात तशा त्या घरात गेल्या, चुलीवरचा चहा ओतून दिला, विस्तवावर पाणी मारलं आणि भिंतीला टेकून रडताहेत. जावई गेले म्हणतात. मी किती सांगितलं, ऐकतच नाहीत."

मी कपाळावर हात मारला, आणि तेव्हा मला माझं रिकामं मनगट दिसलं. आमच्याकडे मयताचा सांगावा घेऊन निघालेला माणूस कुणाच्या दारात बसत नाही, घोटभर पाणीही घेत नाही. उभ्या उभ्या सांगतो आणि पुढच्या गावाला निघतो. मी पाणी नाकारलं होतं आणि माहेरच्या दारावरून न थांबता गेले होते. वर, मनगटाला काचतात म्हणून बांगड्या घरी काढून ठेवलेल्या, घामानं मानेला घासतं म्हणून मंगळसूत्र काढलेलं, कपाळावरची टिकली कुठे पडली देव जाणे. तोंड तर रडवेलं होतंच. आईनं दुसरं काय समजायचं?

मागे वळून बघितलं. लांब टेम्पो दिसत होता. घर रस्त्यापासून आत, फार नाही, पण त्या वेळी मला ते फार लांब वाटलं. मला भयंकर राग आला. आईचा, वहिनीचा, ह्या सगळ्या रीतीभातींचा. एक सकाळ मागितली होती, तीही मिळू नये? पण आई आत रडत होती, आणि मी नवरा जिवंत असलेली बाई रस्त्यावर उभी राहून वेळेचा विचार करत होते. मी आत वळले.

आई मला बघून मोठ्यानं रडायला लागली. माझं रिकामं मनगट धरून ठेवलं. "बाय गो माझे," म्हणत माझ्या मनगटावरून हात फिरवत राहिली. मी ओरडून सांगितलं, "अगं आई, बरे आहेत ते! बदलापूरला माझी वाट बघत बसलेत!"

"खोटा नको बोलू. मना ठाव हाय."

माझा फोन ह्यांच्याकडेच होता. वहिनीच्या फोनवरून लावला. पहिल्यांदा उचलला नाही, आणि तेवढ्या वेळात माझ्याही मनात नको ते येऊन गेलं. खोटं कशाला सांगू, तेवढ्यात मी त्यांना मनातल्या मनात पोचवून आले. दुसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "आईशी बोला, मोठ्यानं बोला, का ते विचारू नका." फोन आईच्या कानाला लावला. ते काय बोलले ते मला ऐकू आलं, कारण ते खरंच ओरडले होते. "सासूबाई, सुकट केलीय का?"

आईचं रडणं थांबलं. ती फोनकडे बघून म्हणाली, "मीठ बंद हाय ना तुमचा?" आणि मग तिला रागच आला, जावयाचा नाही, माझा. "अशी पलत कशाला गेलीस गो? तोंडात बोल नव्हता का?"

मी ओट्यावर बसले आणि मला उठता येईना. मांड्या दगड झाल्या होत्या. बाहेर टेम्पोनं हॉर्न दिला. मला आत वळताना ड्रायव्हरनं बघितलं असावं, तो खाली उतरून आला, बिचारा चांगला माणूस. "मॅडम, चला. तुम्हीच राहिल्यात शेवटच्या. टाइम संपला."

"जा गो गाडीन," आई म्हणाली. "जा, त्यांच्याजवल जा."

"नाही. पळत जाणार."

"कुठं?"

"बदलापूरला."

"आता त तिकरशीच आयलीस ना?"

तिकडूनच आले होते आणि पळत तिकडेच निघाले होते. इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता असा चोख प्रश्न. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं आणि हसताना रडूही आलं, आणि त्या भरात मी भिंतीला धरून उभी राहिले. ड्रायव्हरला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." त्यानं मान हलवली आणि गेला. आईनं मात्र मला तसं सोडलं नाही. वहिनीला हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला लावल्या आणि माझ्या हातात चढवल्या. हात घामानं निसरडा होता, पटकन गेल्या. भाकरी फडक्यात बांधून देत होती, ती मी हात जोडून नको म्हटली. पाणी मात्र प्यायले, तांब्याभर, तिच्यासमोर बसून.

पुढचा रस्ता कसा काढला ते विचारू नका. टेम्पो गेला, पाण्याची टेबलं गेली, पोलीस गेले. वाहनं सुरू झाली. डंपर अंगावरून धूळ उडवत जात होते. एक रिक्षावाला बाजूला येऊन "बदलापूर, बदलापूर" म्हणत किती तरी वेळ माझ्याच वेगानं चालला होता. मी कधी पळत होते, बरंचसं चालत होते. मेडल नव्हतं, वेळ नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. तरी बसायचं मनात येईना. इतकी दमले होते की दमल्याचं वाईट वाटायचंही थांबलं होतं.

कात्रपला पोचले तेव्हा कमानीचे बांबू उतरवून रस्त्याच्या कडेला लावत होते. दोन बांबू तेवढे उभे होते. त्यांच्यामधून गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बांबू धरलेला माणूस "ओ ताई, बाजूनं जा" म्हणाला.

हे डिव्हायडरवर बसले होते, मांडीवर माझी पिशवी. टेम्पो माझ्याशिवाय आलेला त्यांनी बघितला होता.

"बसली नाहीस?"

"नाही."

"आणि सासूबाईंना काय झालं होतं? एकदम सुकट कुठून सुचली मला, माझं मलाच कळेना."

मी सांगणार होते ते हसत हसत सांगणार होते. वाटेत जुळवूनही ठेवलं होतं. "तुम्ही गेला होतात मघाशी," एवढंच म्हटलं. मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले आणि भर रस्त्यात रडले. ऑपरेशन थिएटरबाहेर रडले नव्हते, घरी आणलं तेव्हा रडले नव्हते. गोळ्या देताना, श्वास ऐकताना कधी रडायला वेळच झाला नव्हता. आता रडले, येणारेजाणारे बघताहेत तरी.

ते "मेलो नाही गं" म्हणाले नाहीत. मग डिव्हायडरवरून उतरले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या बुटाची नाडी सोडायला लागले.

"अहो, वाकू नका," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"गप बस," ते म्हणाले. गाठ घामानं आवळली होती, त्यांना सुटता सुटेना. मी त्यांचा हात बाजूला केला नाही.