वाऱ्याचा डोळा

मी आज इंग्रजीचा प्राध्यापक आहे, तो सर्वांत जास्त आमच्या बाइंडरमामांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. नेसरीहून कोल्हापुरात आल्यावर मी त्यांच्या दुकानात बसून अभ्यास करायचो. ग्रंथालयाचा जुना शब्दकोश बांधायला आला, की पुठ्ठ्याची खळ वाळेपर्यंत मामा तो वाचत बसायचे. शिक्षण सातवी. नवा शब्द सापडला की मांडीवर थाप मारायचे.

"लेका, विंडो म्हंजे वाऱ्याचा डोळा! उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी ह्यो शब्द इंग्लंडात नेला. तवा खिडकीला काच न्हवती, नुसतं भोक. आन् आपलं गवाक्ष? त्यातला अक्ष म्हंजेबी डोळाच की!"

गेल्या महिन्यात कॉलेजात माझं व्याख्यान झालं. मी विंडो आणि गवाक्ष शेजारी ठेवून दाखवले. टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी विचारलं, "ही जोड कुणाला सुचली?"

"मलाच," मी म्हणालो.

तेवढ्यात शेवटच्या रांगेत मामा दिसले. बांधलेली पुस्तकं पोचवायला ते आले होते. जाताना सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाले, "लई झ्याक सांगितलंसा, सर. आमास्नी कुठलं ठावं हे!"

त्यानंतर दुकानाकडे पाऊल वळेना. शेवटी पत्र टाकलं:

"मामा, ती जोड तुमची होती. मी खोटं बोललो आणि तुम्ही मला पाठीशी घातलंत. आज प्राचार्यांना खरं सांगितलं. ते सोपं गेलं. तुमच्यासमोर यायला मात्र अजून तोंड नाही."