टाकी उभी की आडवी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. गोंदियाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. हल्ली ते सगळे रामटेके काकांवरच येऊन थांबतात. काका आमचे मिस्त्री. आयुष्यभर टाक्या जोडल्या, आता पुण्याला मुलीकडे राहतात.

आम्ही सेपरेटर बनवतो, म्हणजे वाफ आणि द्रव वेगळे करणाऱ्या बंद टाक्या. वाफ वरून निघते, द्रव खाली बसतो. प्रत्येक ऑर्डरला पहिला प्रश्न एकच, टाकी उभी की आडवी?

दवनीवाड्याकडच्या एका मिलमालकाचा हट्ट होता, "टंकी खड़ी चाहिए. रोड से दिखनी चाहिए."

काकांनी त्याच्या शेडकडे पाहिलं. "दिसन ना शेठ. पण छप्पर काढा लागन."

त्याने खरंच काढलं. उद्घाटनाला आलेले पाहुणे टाकी सोडून छपराचं भोकच पाहत होते.

मग तांदळाच्या कोंड्याच्या तेलाचा प्लांट आला. मी नवा इंजिनिअर. उभीला जागा कमी लागते, म्हणून ड्रॉइंग उभीचं काढलं.

काका म्हणाले, "सायेब, या मालाले फेस येते. अरुंद गंजात वरण उतू जाते, पसरट भांड्यात फेसाले जागा भेटते. आडवी करा."

मी ऐकलं नाही. टाकी चालू केली आणि फेस वाफेबरोबर थेट वरच्या पाइपात. टाकी परत आली. आमच्या शेठने तोंड उघडायच्या आत काका बोलले, "माप माह्या हातून चुकलं."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोलले काका?"

"तुमचं लगन ठरून राहिलं ना? नोकरी पाह्यजे. चाला, आडवीचं ड्रॉइंग काढा."

आता उभी की आडवी हे कॉम्प्युटर दोन मिनिटांत सांगतो. तरी ड्रॉइंग छापलं की मी ते घेऊन शेडपर्यंत जातो. तिथे दाखवायला कोणी नसतं.

गेल्या महिन्यात दुपारी काकांचा फोन आला. मी कोहमाऱ्याजवळच्या प्लांटवर होतो. त्यांनी जोडलेली शेवटची टाकी तिथेच आहे.

"चालून राहिली का?"

"हो, काका."

"मंग फोन तिच्या अंगाले लावा. तुमी बोलू नका."

मी दहा मिनिटं वाफेने घुमणाऱ्या टाकीला फोन धरून उभा होतो. मग पलीकडून त्यांच्या मुलीचा हळू आवाज आला, "दादा, ठेवू का आता? चार दिवसांनी झोप लागली बाबांना."