बाबांनी जोडलेलं मधलं

ती प्रोग्रामर होती आणि पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून घरूनच काम करायची. समोर कॉम्प्युटर, हाताशी पुस्तकांची चळत आणि पाठीमागे सासऱ्यांचा टीव्ही. कॉम्प्युटरबद्दल तिचं मत असं, की तो पक्का सांगकाम्या. सांगाल तेवढं करेल, मनातलं ओळखण्याच्या भानगडीत पडणार नाही. पुस्तकाचा स्वभाव गरीब, आठवडाभर उपडं टाकलं तरी रुसत नाही. टीव्ही मात्र बोलत सुटलेला पाहुणा. त्याला कोण थांबवणार?

सासऱ्यांना ती बाबाच म्हणायची. त्यांची हयात छापखान्यात यंत्रापुढे गेली होती. ढिगांनी पुस्तकं हाताखालून गेली, पण वाचून एकही झालं नाही. "घडी घालण्याआधी मोठ्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं पान यायचं," ते सांगायचे, "मधलं आपणच जोडायचं!"

यंत्रांच्या खडखडाटानं त्यांचे कान हळूहळू नेले. तसतसा टीव्हीचा आवाज चढत गेला. एकदा शेजारीण दारात उभी राहून हसत म्हणाली, "तुमच्याकडची मालिका आता आम्हालाही पाठ झाली हं." एरवी चार हाका मारल्या तरी बाबांना पत्ता नसायचा, पण हे नेमकं ऐकू गेलं.

त्यानंतर घर शांत झालं. तिचं काम भराभर होऊ लागलं, त्यामुळे शांततेचं कारण शोधायला ती गेलीच नाही. मग एका दुपारी सहज मागे वळली, तर टीव्ही चालू. पडद्यावरची माणसं हातवारे करून बोलतायत, आवाज पूर्ण बंद, आणि बाबा खुर्चीच्या टोकावर येऊन रंगून बघतायत.

"बाबा, आवाज बंद आहे!" ती जवळ जाऊन म्हणाली.

"असू दे गं. कळतं सगळं. ही थोरली सून. हिला दुकान विकायचं नाहीये. हा धाकटा दीर आतून हिच्याच बाजूचा, पण बायकोपुढे तोंडाला कुलूप."

तिनं आवाज जरासा वाढवून ऐकलं. ती बाई वकील होती आणि तो दीर तिचा अशील. दुकानाचा कुठे मागमूस नव्हता. तिला हसू आलं आणि आत कुठेतरी तुटलंही.

त्या रविवारी तिनं एक प्रोग्राम लिहिला. टीव्हीवरचं बोलणं तो ऐकणार आणि खाली मोठ्या अक्षरांत दाखवणार. पहिल्याच दिवशी त्यानं 'वकील'चा 'बैल' केला. "माझे बैल कोर्टात बोलतील," असं पडद्यावर उमटलं आणि बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तिनं चुका काढल्या. अक्षरं शहाण्यासारखी उमटू लागली.

थोड्या दिवसांनी बाबा म्हणाले, "ते खालचं बंद कर गं."

"का? अजून चुकतंय?"

"चुकत नाही, तेच तर. खरी गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा फारच पुचाट निघाली."

ती हसली. बाबाही हसले, पण त्यांचं हसू लगेच विझलं. गुडघ्यावरून हात फिरवत ते म्हणाले, "आपल्या घरातलीही तशीच निघाली तर बरं होईल."

"म्हणजे काय, बाबा?"

"जागा बघून आलात का तुम्ही? माझ्यासाठी?"

तिला काही उमगेना. ती त्यांच्यासमोर बसली.

"परवा जेवताना बोलत होतात दोघं. जुनं झालंय... खोली अडते... कुठंतरी नेऊन ठेवू. एवढं कानावर आलं. मधलं मी जोडलं." मग तिचा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "माझी तक्रार नाही हं. तुमचंही बरोबर आहे."

"अहो, कपाट!" ती किंचाळलीच. "तुमच्या खोलीतलं माझं पुस्तकांचं कपाट! त्याचा पाय मोडलाय!"

"कपाट?"

"कपाट, बाबा, कपाट!"

नवरा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आला. "काय झालं?"

"आपण बाबांना घराबाहेर काढत होतो," ती म्हणाली. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

सगळं ऐकल्यावर नवरा बापापुढे जमिनीवर बसला आणि ओठ मोठे करून ओरडला, "कपाट जाईल. तुम्ही कुठंही जाणार नाही!"

"ओरडू नकोस रे," बाबा डोळे पुसत म्हणाले. "तुझं तोंड दिसतंय मला."

तिला रात्रंदिवस तेच आठवत राहिलं. परक्यांच्या घरातलं बोलणं बाबांना कळावं म्हणून आपण रविवार घातला, आणि स्वतःच्या टेबलावर मात्र ताटात बघून बोलत राहिलो. किती जेवणं त्यांनी अशी मुक्या पडद्यापुढे बसल्यासारखी काढली असतील!

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. यंत्र आलं. "कानात किडा शिरल्यासारखं वाटतं," म्हणून बाबा ते कधी लावत, कधी सोयीस्कर विसरत. पण ती आता जेवताना त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून समोर बसू लागली.

एके संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "दिवसभर त्या टेबलाशी तू करतेस तरी काय गं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. उत्तर ऐकू आलं नाही तर, याच धास्तीनं. तिनं हातातला घास खाली ठेवला, मान वर केली आणि सावकाश म्हणाली, "आज दिवसभर एक चूक शोधत होते."

"सापडली?"

"नाही ना. कुठंतरी दडून बसलीय."

"आमच्याकडं शाईचा एक ठिपका असायचा बघ," बाबा पुढे सरकले. "प्रत्येक कागदावर यायचा मेला, पण कुठून येतो ते काही केल्या कळेना..."

नवरा ताटं उचलायला दोनदा उठला. दोन्ही वेळा त्या दोघांनी त्याला खाली बसवलं.