उधाणाच्या दिवशी इंग्लंड

तेव्हा माझ्याकडे दोन वह्या असायच्या. एक घरची, एक शाळेची. सकाळी गाडीत बसले की शाळेच्या वहीत दिवसाची कामं लिहायची आणि परतीच्या गाडीत झालेल्या कामांवर रेघ मारायची. रेघा मारून होईपर्यंत नागोठणं यायचं आणि तिथून पुढे माझे डोळे मिटायचे. रोह्याला गाडी संपायचीच, त्यामुळे पुढे जायची भीती नव्हती. डबा रिकामा झाला की कुणीतरी बाई खांद्याला हात लावून उठवायची.

आम्ही रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायचो. शाळा पेणच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात. पेणला उतरून टमटम, टमटममधून उतरून बांधावरून पंधरा मिनिटं चालायचं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला मिठागरं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. डोलवीला कंपनी उभी राहत होती आणि गावातले बाप्ये एकेक करून कंत्राटी कामाला, शिफ्टला लागत होते. मिठागरांवर उरल्या बायका आणि पोरं.

मी पाचवीला इंग्रजी शिकवायची. तेव्हा इंग्रजी पाचवीपासूनच सुरू व्हायचं. पाचवीच्या दोन तुकड्या होत्या, दुसरी माझी. फेब्रुवारीत पटाची तपासणी यायची होती. साहेबांनी वर्गात बसलेली मुलं मोजायची, आणि कमी भरली तर दुसरी तुकडी बंद. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त. अतिरिक्त कोण, तर सेवाज्येष्ठतेच्या यादीतला शेवटचा. शेवटची मी होते. अतिरिक्त माणसाला जिल्ह्यात कुठेही पाठवत. माझी मुलगी दुसरीत, नवरा धाटावच्या कंपनीत तीन पाळ्यांत. बदली झाली तर घर कसं चालवायचं हे मी घरच्या वहीत लिहून पाहिलं होतं. मुलीला शाळेतून कोण आणणार, इथपर्यंत आलं की यादी अडायची.

दिवाळीनंतर मिठाचा हंगाम सुरू झाला की वर्ग विरळ व्हायचा. म्हणून मी एक युक्ती काढली. शेवटच्या तासाची शेवटची पंधरा मिनिटं इंग्लंडची. ज्यांची भाषा आपण घोकतो ती माणसं राहतात कुठे, खातात काय, तिकडे नदी-डोंगर कुठे आहेत, ते सांगायचं. पंधरा मिनिटांसाठी मुलं दिवसभर थांबतील असा हिशोब. सामान तीन वस्तूंचं होतं: शाळेचा नकाशासंग्रह, लंडनची चित्रं असलेलं एक जुनं कॅलेंडर, आणि शेजारणीच्या भावाने आखातातून आणलेला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. डब्यावर उंच काळ्या टोप्या घातलेले शिपाई होते. डबा हातात मिळावा म्हणून मुलं पाढ्यासारखी स्पेलिंगं म्हणायची.

युक्ती चालली. पण मला वाटलं होतं मी सांगेन आणि मुलं ऐकतील. तसं झालं नाही.

"बाई, तिकडं चारी बाजूनं दर्या हाय, तर मीठ करतात का?"

"तिकडे पाऊस फार पडतो. ऊन कमी."

"मंग मीठ खातात कुठलं? आपलं?"

"बाई, त्यांची यष्टीपन लालच हाय. यष्टी त्यांनी आपली बगून केली का?"

"पहिली त्यांची. आणि तिला बस म्हणतात."

"दोन मजली यष्टी आपल्या बांदावर आली तर कलंडंल."

ज्याचं उत्तर मला यायचं नाही ते मी वहीच्या शेवटच्या पानावर, 'नंतर पाहणे' या मथळ्याखाली लिहून ठेवायची. ते पान भरत गेलं. खरं सांगायचं तर नंतर पाहायला वेळ नव्हता. घरी गेल्यावर कणीक मळायची असायची.

वर्गात एक मुलगी होती. तिची आई मिठागरावर होती, बाप नुकताच डोलवीला लागला होता. उंच, काटकुळी, पायाला भेगा पडलेल्या. इंग्रजी वाचताना ती प्रत्येक शब्दापाशी थांबायची, पण नकाशा तिला चटकन कळायचा. लंडनची नदी दाखवताना मी म्हटलं, "ही थेम्स. हिच्यात समुद्राचं पाणी आतपर्यंत येतं, भरती-ओहोटी असते."

ती म्हणाली, "म्हंजे खाडीच."

"हो, खाडीसारखीच."

"मंग तिकडं उधाण कुठल्या तिथीला येतं?"

"तिकडे तिथी नसतात."

"चंद्र तरी हाय ना, बाई?"

वर्ग हसला. मीही हसले, आणि 'नंतर पाहणे'मध्ये लिहिलं: थेम्स, उधाण, कधी? घंटा झाली.

जानेवारीच्या शेवटी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ते सज्जन होते, निवृत्तीला आले होते आणि निर्णय दुसऱ्यावर सोपवायचे.

"बाई, तपासणीला दोन दिवस दिलेत. हा गुरुवार नाहीतर पुढचा शुक्रवार. तुम्हीच सांगा, तुकडी तुमची. साहेबांना तुमचं ते इंग्लंडही दाखवून टाकू."

इंग्लंड अजून दाखवण्यासारखं झालं नव्हतं. मागच्या अंगणात खाडीच्या चिखलाचा मोठा उठावाचा नकाशा करायचं ठरलं होतं आणि चिखल अजून आणायचा होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवारी सुट्टी नाही. चाचणी नाही. गावात लग्न नाही, हे शिपाईमामांना विचारून घेतलं. जत्रा नाही. आदल्या दिवसाच्या चौकटीत पौर्णिमेचं वर्तुळ होतं. ते मी पाहिलं. सासूबाईंचा उपास, साबुदाणा भिजवायचा, एवढंच डोक्यात आलं.

"शुक्रवार," मी म्हटलं.

पुढचे आठ-दहा दिवस मी थकून गेले होते, एवढंच आठवतं. मुलीला ताप होता, नवऱ्याला रात्रपाळी होती, आणि वहीत इंग्लंडच्या नावाखाली चौदा कामं होती. चिखल मुलांनीच आणला. त्यांचे हात या कामात मुरलेले. मी नकाशा हातात धरून "इथे आत, इथे बाहेर" सांगत होते आणि ब्रिटनचं बेट, ज्याला मुलं सरसकट इंग्लंडच म्हणायची, तासाभरात उभं राहिलं. डोंगर उत्तरेला, सपाटी दक्षिणेला, थेम्सचा चर. मी ऑफिसात जाऊन आले तोवर मुलांनी बेटाच्या कडेने सगळीकडे वीतभर उंचीचा बांध घातला होता. थेम्सच्या तोंडाशी फळकुट उभं करून पाण्याचं दारही केलं होतं, आपल्या बांधाला असतं तसं, उघाडी म्हणतात तिला.

"हे काय केलंत? नकाशात असं काही नाही."

ती मुलगी म्हणाली, "नकाशावाल्यानं सोडला असंल. बांद नाय घातला तर पयल्याच उधाणाला लंडन जाईल, बाई."

"काढा तो."

"ऱ्हाऊ दे ना बाई, लंडनची मानसं बुडतील," मागून दुसरी एक म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. बांध राहिला. मी मुलांना दोनदा बजावलं, शुक्रवारी साहेब येणार, सगळ्यांनी यायचं. सगळ्यांनी "व्हय बाई" म्हटलं. ती मुलगी काहीतरी बोलायला उभी राहिली होती. मी म्हटलं, "उद्या सांग," कारण टमटम चुकली असती. दुसऱ्या दिवशी तिने ते काढलं नाही, मीही विचारलं नाही.

शुक्रवारी मी अकराला दहा कमी असताना वर्गात शिरले. पहिल्या बाकावर दोन, खिडकीशी तीन, मागे चार. नऊ. पहिल्या तुकडीतही तेच. जी आली होती ती आतल्या बाजूच्या भातशेतीवाल्यांची मुलं.

"बाकीचे कुठे?"

"मिठागरावर. आज उधाण हाय ना," एक मुलगी म्हणाली. वार विचारल्यावर सांगावं तसं.

मी शिपाईमामांना सायकल काढायला लावली आणि मागे बसून बांधाने गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेच्या वेळेत तिकडे गेले असेन. उघाड्या उघडल्या होत्या. खाडी काठोकाठ आली होती आणि पाणी मिठागरांच्या पाटातून आत धावत होतं. ठिकठिकाणी बाया कमरेत वाकून खाचांच्या, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांच्या, बांधांना मातीच्या ढेपा लावत होत्या आणि माझा वर्ग, माझा उरलेला सगळा वर्ग, रांगेने उभा राहून ढेपा एकमेकांच्या हातात देत होता. मला पाहून त्यातल्या काहींनी मान खाली घातली. काहींनी "गुड मॉर्निंग, बाई" म्हटलं.

त्या मुलीची आई वर आली. गुडघ्यापर्यंत चिखल.

"आज साहेब येणार आहेत हो," मी म्हटलं. "पोरांना तासभर सोडा. मोजून झाली की लगेच परत पाठवते."

"बाई, पानी आता चढतंय. तासाभरानं भरती वसरंल."

"मग उद्या घ्या पाणी."

"आज येतंय तेवढं उद्या नाय, परवा त्याहून कमी, मंग भांग. मंग पानी चढत नाय. आज खाचा भरल्या नाय तर पंदरा दिस कोरडं बसायचं." तिने मागे वळून रांगेकडे पाहिलं. "बाप्ये असते तर पोरांना धाडलं असतं. बाप्ये डोलवीला." मग काहीशा नवलाने म्हणाली, "पन बाई, तुमी दिवस ठरवताना तिथी नाय बगितली?"

मागे रांगेतून कुणीतरी मोठी बाई ओरडली, "चल गो, ढेप दे, बाईला काय, बाईच्या घरात नळाला पानी येतंय!" त्यावर हसणं झालं. आई तिला रागावली. मला राग आला नाही. खरंच होतं.

साहेब साडेअकराला आले. भला माणूस. चहा घेतला, दोन्ही वर्गांत गेले, बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं. मी सगळं सांगितलं. मिठाचा हंगाम, उधाण, तासा-दोन तासांत मुलं येतील.

"बाई, मला एकच्या आत दुसऱ्या शाळेत पोचायचंय," ते म्हणाले. "आणि बसलेली डोकी लिहायची असतात. येणारी नाही." मग अंगणातल्या चिखलाच्या बेटापाशी थांबले. "हा बांध कशाला?"

"मुलांनी घातला."

"छान आहे," ते म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

पावणेदोनला मुलं आली. ओळीने, ओल्या कपड्यांत, पाय धुतलेले पण पोटऱ्यांवर चिखल तसाच. भरती ओसरली होती, पाणी आत कोंडून झालं होतं.

"साहेब गेलं?" त्या मुलीने विचारलं.

"गेले."

ती उभीच राहिली. "त्या दिवशी सांगनार व्हते, बाई. शुक्रवारी उधाण हाय म्हनून."

मी काय बोलले ते नक्की आठवत नाही. बहुतेक "बस" म्हटलं. वहीतल्या चौदापैकी तेरा कामांवर रेघ होती. चौदावं होतं, मुलांनी साहेबांना इंग्लंड सांगणे. मुलं पाठ करून आली होती आणि त्यांना ते म्हणायचंच होतं. मी साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसले. त्यांनी एकेकाने पुढे येऊन इंग्रजीत सांगितलं, हे लंडन, ही थेम्स, इथे पाऊस पडतो, इथे लोक दुपारी चहा पितात. ती मुलगी थेम्सची होती. तिने तिचं वाक्य प्रत्येक शब्दावर थांबत पूर्ण म्हटलं आणि फळकुट वर उचलून दाखवलं. मी टाळ्या वाजवल्या. गाडीत त्या दिवशी रेघ मारायची राहून गेली.

जूनमध्ये आदेश आला. पोलादपूर तालुक्यातलं डोंगरातलं गाव. तीन वर्षं मी तिथे एका खोलीत राहिले आणि शनिवारी दुपारी एस.टी.ने घरी आले. मुलगी सासूबाईंच्या आणि शेजारणीच्या हातांवर तिसरी, चौथी, पाचवी झाली. तिच्या पहिल्या इंग्रजीच्या धड्याला मी घरी नव्हते. घरच्या वहीतली ती यादी शेवटपर्यंत अडलेलीच राहिली, तरी दिवस गेले.

त्या मेच्या सुट्टीत, आदेश यायच्या आधी, मी पूल ओलांडून रोह्याच्या वाचनालयात गेले होते आणि एका जाड पुस्तकात पाहिलं होतं. मग गावातल्या शाळेच्या पत्त्यावर त्या मुलीला कार्ड टाकलं: थेम्सलाही उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारासच येतं. तुझं बरोबर होतं. सुट्टीत शाळा बंद असते हे कार्ड पेटीत पडल्यावर लक्षात आलं. तिला ते मिळालं की नाही, माहीत नाही.

डोंगरातल्या शाळेत मला पुन्हा पाचवीच मिळाली. डबा आणि कॅलेंडर मी बरोबर नेलं होतं. पहिल्या दिवशी डबा टेबलावर ठेवला, वही उघडली, पण इंग्लंडचं नाव काढलं नाही. आधी विचारलं, "तुम्ही शाळेला कुठल्या कुठल्या दिवशी येत नाही?"

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. असं विचारणारी बाई त्यांना नवीन होती. मग मागचा एक बाक म्हणाला, लावणीला. दुसरा म्हणाला, नाचणी काढायला. एकीने सांगितलं, गाय व्यायली की. मी लिहीत गेले.